किचन-बाथरूमची फरशी कशी निवडायची आणि बसवून घ्यायची? बॉक्सवरचे आकडे, उतार, वॉटरप्रूफिंग आणि मोबाइलचा खरा उपयोग



फोनवर टाइल निवडायला दोन मिनिटं लागतात. रील बघितली, काळी चकचकीत टाइल आवडली, स्क्रीनशॉट काढला आणि दुकानदाराला पाठवला. पण मोशी, चिखली, रावेत किंवा चाकणमधला नवा फ्लॅट असो, नाहीतर निगडी प्राधिकरणातलं शहाबादी फरशीचं जुनं घर, किचन-बाथरूमची फरशी डिझाइनमुळे बिघडत नाही. ती पाण्यामुळे बिघडते. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते, किंवा घरातलं कुणीतरी ओल्या फरशीवर घसरतं. दोन्ही वेळी टाइल किती सुंदर होती याला काही अर्थ उरत नाही.

आजच्या लेखात मी तीन गोष्टी सांगणार आहे: टाइलच्या बॉक्सवरचे आकडे कसे वाचायचे, काम चालू असताना काय तपासायचं, आणि हातातला मोबाइल यात कुठे उपयोगी पडतो आणि कुठे फसवतो.

आधी हे समजून घ्या: टाइल पाणी अडवत नाही

बऱ्याच जणांना वाटतं, चांगली टाइल लावली की गळती होणार नाही. तसं नसतं. टाइलमधून पाणी जात नसलं तरी टाइलच्या सांध्यांतून जातं. बाथरूमची फरशी म्हणजे एकावर एक थर असतात. खालून वर असे मोजा:

१. स्लॅब. बाथरूमचा भाग बहुतेक वेळा खाली दाबलेला असतो, त्याला सगळे ‘संक’ म्हणतात.
२. वॉटरप्रूफिंगचा थर. पाणी खरं इथे अडतं.
३. भर, आणि उतार दिलेला सिमेंट-वाळूचा थर. पाइप यातून जातात.
४. ॲडहेसिव्ह किंवा सिमेंटचा माल.
५. टाइल आणि सांध्यांतलं ग्राउट.

यातला दुसरा आणि तिसरा थर टाइल बसल्यावर दिसत नाही. म्हणूनच बजेट कमी पडलं की कात्री तिथेच लागते. माझा सल्ला उलटा आहे. पैसे कमी असतील तर टाइल साधी घ्या, पण वॉटरप्रूफिंग आणि नहाणी ट्रॅपमध्ये तडजोड करू नका. टाइल दहा वर्षांनी बदलता येते. वॉटरप्रूफिंग बदलायचं तर सगळं फोडावं लागतं.

बॉक्सवर आणि कॅटलॉगमध्ये काय वाचायचं?

भारतातल्या बहुतांश टाइल्स गुजरातमधल्या मोरबीहून येतात, आणि एकाच दिसण्याची टाइल वेगवेगळ्या दर्जाची असू शकते. म्हणून मी फोटोआधी हे आकडे बघतो.

पाणी शोषण: टाइल स्वतःच्या वजनाच्या किती टक्के पाणी पिते, तो हा आकडा. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १३००६ नुसार ०.५ टक्के किंवा त्याहून कमी शोषणाची टाइल सगळ्यात घट्ट गटात मोडते. आपण जिला व्हिट्रिफाइड म्हणतो ती हीच. १० टक्क्यांच्या वर शोषणारी टाइल भिंतीसाठी असते. भिंतीची टाइल स्वस्त आणि छान दिसते म्हणून खाली घातली, तर ती वजनाने लवकर तडकते. भारतीय मानक आयएस १५६२२ हा क्रमांकही बॉक्सवर शोधा.

घसरण: जर्मन पद्धतीच्या चाचणीत टाइलला आर ९ ते आर १३ असे दर्जे देतात. तेल लावलेल्या उतारावर बूट घातलेला माणूस चालवून, किती अंशांवर तो घसरतो ते बघतात. आर ९ म्हणजे ६ ते १० अंश, आर १० म्हणजे १० ते १९, आर ११ म्हणजे १९ ते २७. अनवाणी पाय आणि साबणाच्या पाण्यासाठी ए, बी, सी अशी वेगळी चाचणी आहे, त्यात सी सगळ्यात पकडदार. घरात आपण अनवाणीच वावरतो, म्हणून अंघोळीच्या जागेला मी आर ११ किंवा बी दर्जा बघतो आणि किचनला आर १०. कॅटलॉगमध्ये हा दर्जाच दिलेला नसेल आणि टाइल आरशासारखी चमकत असेल, तर ती बाथरूमच्या जमिनीला नको.

पीईआय: चकाकीच्या थराची झीज किती होते, त्याचा हा दर्जा. आकडा जितका मोठा तितकी टाइल टिकाऊ. घरच्या किचनला ३ पुरतो, सतत वर्दळ असेल तर ४ घ्या.

बॅच आणि शेड नंबर: सगळ्या बॉक्सवर हा सारखाच हवा. एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्ये रंगाचा आणि मापाचाही थोडा फरक पडतो. डिलिव्हरी उतरवतानाच प्रत्येक बॉक्सच्या लेबलचा फोटो काढा. टेम्पो गेल्यावर बॉक्स परत देणं कठीण जातं.

आपल्या भागातलं पाणी आणि फरशी

पिंपरी-चिंचवड शहरात नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी सुरू झालं. त्यामुळे बाथरूममध्ये ड्रम किंवा मोठं पिंप भरून ठेवणं नेहमीचं झालं. अनेक सोसायट्या बोअर आणि टँकरवरही चालतात. याचा फरशीवर दोन प्रकारे परिणाम होतो.

पहिला वजनाचा. २०० लिटरचा भरलेला ड्रम म्हणजे २०० किलो, आणि ते सगळं ड्रमच्या कडेवर येतं. टाइलखाली पोकळी असेल तर ती नेमकी तिथे तडकते.

दुसरा क्षारांचा. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग पडतात. काळ्या आणि गडद टाइलवर ते सर्वांत जास्त उठून दिसतात. करडा, वाळूसारखा किंवा ठिपक्यांचा रंग असेल तर त्रास कमी. फार खरखरीत टाइलच्या खाचांतही क्षार आणि साबण साचतो. म्हणजे पकड हवी, पण खाचा खोल नकोत. दुकानात टाइलवरून बोट फिरवा. बोटाला बारीक वाळूसारखं लागलं तर ठीक, किसणीसारखं लागलं तर घासताना हात दुखतील.

कोणती फरशी कुठे चालते?

- मॅट व्हिट्रिफाइड: किचन, बाथरूम, ड्राय बाल्कनी, तिन्हीकडे चालते. गोंधळलेले असाल तर हीच घ्या.
- पॉलिश व्हिट्रिफाइड: हॉलला छान. किचनमध्ये तेलाचा थेंब आणि पाणी एकत्र आलं की घसरडी होते.
- शहाबादी आणि कोटा: दोन्ही चुनखडीचे दगड. शहाबादी कर्नाटकातल्या शहाबादची, कोटा राजस्थानातला. पॉलिश न केलेल्या दगडाला पकड चांगली असते. पण ॲसिड टाकलं की चुनखडी विरघळते आणि दगड खडबडीत होतो. ओट्याच्या कडप्प्यालाही हाच नियम लागू.
- संगमरवर: तोही चुनखडीच्याच जातीचा. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं की चमक जाते. आपल्या किचनसाठी मी सुचवणार नाही.
- लॅमिनेट वुडन फ्लोअरिंग: आतला भाग लाकडाच्या भुशाचा असतो, पाणी लागलं की फुगतो. फरशी पाणी टाकून धुणाऱ्या घरात हे नकोच.
- एसपीसी किंवा विनाइल पट्ट्या: पट्टीला पाण्याने काही होत नाही, पण सांध्यातून पाणी खाली जाऊन साचतं. किचनमध्ये पुसून घेत असाल तर चालेल. बाथरूममध्ये नाही.
- इपॉक्सी कोटिंग: चाकण-भोसरीच्या शॉपफ्लोअरवर ही गुळगुळीत फरशी तुम्ही पाहिली असेल. ती तिथे टिकते, कारण खालचं काँक्रीट कोरडं आणि नीट घासून तयार केलेलं असतं. घरच्या गळक्या बाथरूमवर नुसतं इपॉक्सी ओतलं तर खालच्या ओलीने ते सुटतं.

किती बॉक्स लागतील? हिशेब असा करा

दुकानात ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती टाइल खरं तर ६०० बाय ६०० मिलिमीटरची असते. म्हणजे ४ चौरस फूट नाही, ३.८७५ चौरस फूट. चार टाइल्सचा बॉक्स १५.५ चौरस फुटांचा होतो.

समजा किचन ८ बाय ९ फूट आहे:

- क्षेत्रफळ: ७२ चौरस फूट
- कापाकापीसाठी १० टक्के जास्त: ७९.२ चौरस फूट
- ७९.२ भागिले १५.५ म्हणजे ५.१ बॉक्स, म्हणून ६ घ्या

४ चौरस फूट धरून हिशेब केला असता तर ५ बॉक्स पुरतील असं वाटलं असतं, आणि शेवटच्या दिवशी दोन टाइल्ससाठी काम अडलं असतं. तोवर त्या बॅचचा माल संपलाही असता. उरलेल्या टाइल्स परत करू नका. चार-पाच माळ्यावर ठेवा. पुढे कधी पाइपसाठी एक टाइल फोडावी लागली तर त्याच कामाला येतात.

माप टेपने घ्या. फोनमधलं कॅमेऱ्याने मोजणारं ॲप अंदाजासाठी ठीक आहे, पण त्यावर ऑर्डर देऊ नका.

बाथरूमच्या जमिनीला ३०० बाय ३०० ची लहान टाइल बरी. मोठ्या टाइलला चारही बाजूंनी ट्रॅपकडे उतार देणं अवघड जातं, आणि जास्त सांध्यांमुळे पायाला पकडही मिळते.

रंग स्क्रीनवर ठरवू नका

टाइल कंपन्यांच्या साइटवर तुमच्या खोलीचा फोटो टाकून टाइल घालून बघता येते. पॅटर्न ठरवायला ते मस्त आहे. रंगाचं मात्र तसं नाही. प्रत्येक फोनचा डिस्प्ले वेगळा, त्यात नाइट मोड चालू असेल तर करडा रंगही पिवळसर दिसतो. दुकानात प्रखर पांढरे दिवे असतात, तुमच्या बाथरूममध्ये एक एलईडी बल्ब. एक नमुना टाइल घरी आणा, जमिनीवर ठेवा, पाणी टाका आणि रात्री घरच्याच दिव्यात बघा.

काम चालू असताना काय बघायचं?

१. फोडल्यावर, भर टाकण्याआधी: नवीन पाइपना पाण्याचा दाब देऊन चाचणी घ्या. मग फोटो काढा, पण नुसते नाही. भिंतीपासून पाइपपर्यंत टेप ताणून धरा आणि टेपवरचा आकडा दिसेल असा फोटो घ्या. पुढे गीझर किंवा हँडशॉवरसाठी भोक पाडताना हेच फोटो पाइप वाचवतात.

२. वॉटरप्रूफिंग: जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा काढला आहे का बघा. काटकोनी कोपऱ्यात थर तडकतो. थर भिंतीवर किमान एक फूट चढवलेला हवा, शॉवरच्या भिंतीवर सहा फुटांपर्यंत. पाइप जिथून आरपार जातात आणि ट्रॅपच्या भोवती जास्त काळजी घ्यायची. एक हात वाळल्यावर दुसरा हात आडव्या दिशेने.

३. पाणी भरून चाचणी: ट्रॅपचं तोंड बंद करून दीड-दोन इंच पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. पातळीला भिंतीवर पेन्सिलची खूण करा. खुणेचा फोटो सुरुवातीला आणि शेवटी. थोडं पाणी वाफ होऊन कमी होतंच, म्हणून खरी तपासणी खालच्या मजल्यावर करायची. खालच्या काका-काकूंना आधीच सांगून ठेवा आणि त्यांच्या छताचाही चाचणीआधी आणि नंतर फोटो घ्या. मिस्त्री म्हणतील, “दोन दिवस वाया जातात.” जाऊ द्या. ही चाचणी टाइल बसवण्याआधीच करण्यात अर्थ आहे.

४. टाइल चिकटवणं: व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, त्यामुळे साध्या सिमेंटची तिच्यावर पकड कमी बसते. आयएस १५४७७ लिहिलेलं टाइल ॲडहेसिव्ह घ्या. त्यात टाइप १ ते ५ असतात. तुमच्या टाइलच्या प्रकाराला आणि मापाला कोणता टाइप चालतो ते पिशवीवर दिलेलं असतं. ॲडहेसिव्ह दाते असलेल्या थापीने सगळीकडे पसरवायचं. मध्ये आणि चार कोपऱ्यांत लोंदे ठेवून टाइल दाबली की खाली पोकळी राहते. मघाचा ड्रम आठवा. दुसऱ्या दिवशी नाण्याने टाइल वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर ती काढून परत बसवायला सांगा.

५. सांधे: दोन टाइल्समध्ये स्पेसर लावून किमान २ मिलिमीटर जागा ठेवा. सांधा सोडलाच नाही तर ग्राउट आत जात नाही. किचनमध्ये हळद आणि तेलाने सिमेंटचं ग्राउट वर्षभरात पिवळं पडतं. तिथे आणि अंघोळीच्या जागेला इपॉक्सी ग्राउट घ्या. ते महाग असतं, लवकर सुकतं, म्हणून आधी केलेला कारागीर बघा.

६. धूळ: टाइल कोरडी कापली की जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते आणि ती फुप्फुसाला कायमची इजा करते. पाणी लावून कापायला सांगा, कारागिराला मास्क द्या आणि घरच्यांना त्या खोलीपासून लांब ठेवा.

उतार मोजायला फोनचं लेव्हल ॲप का चालत नाही?

फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर नावाचा बारीक सेन्सर असतो. गुरुत्वाकर्षण कोणत्या दिशेला आहे हे ओळखून तो फोन किती कललाय ते सांगतो. मग त्याने उतार का मोजू नये?

बाथरूमला साधारण ८० ला १ असा उतार हवा. म्हणजे ट्रॅपपासून ५ फूट लांबच्या कोपऱ्यात फरशी पाऊण इंच उंच. अंशांत हा उतार होतो फक्त ०.७. आता दोन अडचणी:

- ॲप पूर्ण अंशांत आकडा दाखवत असेल तर ०.७ अंशालाही ‘१’ दिसतं आणि त्याच्या दुपटीलाही ‘१’च.
- फोनच्या मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो. १५ सेंटिमीटर लांब फोन एका टोकाला २ मिलिमीटर उचलला गेला तर तोच जवळपास ०.७६ अंश होतो. म्हणजे सपाट फरशीवरही ॲप उतार दाखवेल.

त्यापेक्षा मिस्त्रींकडची लांब ॲल्युमिनियमची पट्टी आणि पाणसळ घ्या. पट्टीचं एक टोक लांबच्या कोपऱ्यात टेकवा, पट्टी पाणसळीने सपाट धरा आणि ट्रॅपच्या टोकाला पट्टीखाली किती जागा राहते ते टेपने मोजा. नंतर बादलीभर पाणी ओता आणि फोन टाइमलॅप्सवर ठेवा. पाणी कुठे रेंगाळतं ते व्हिडिओत लगेच कळतं. बाथरूमच्या दारात उंबऱ्याचा दगड आतल्या फरशीपेक्षा थोडा उंच हवा, म्हणजे पाणी बेडरूमकडे येत नाही.

फोटो फक्त आठवणीसाठी नाहीत

नवीन फ्लॅट घेतला असेल तर हे लक्षात ठेवा. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ (३) नुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष बिल्डरच्या नजरेला आणून दिला, तर तो ३० दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. त्याने नाही केलं तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. म्हणून ताबा घेतानाच टाइल्स वाजवून बघा, पाणी ओतून उतार बघा आणि दोष ईमेलने लिहून कळवा. फोनवर बोललेलं नंतर दाखवता येत नाही.

यातच एक धोका आहे. ताबा मिळाल्याबरोबर बाथरूम फोडून नवीन टाइल लावली आणि मग गळती झाली, तर बिल्डर म्हणणार, “वॉटरप्रूफिंग तुम्हीच फोडलंत.” म्हणून आधीची स्थिती, फोडताना दिसलेला थर आणि नंतरची चाचणी, तिन्हींचे तारखेसकट फोटो ठेवा. सोसायटीची लेखी परवानगीही आधी घ्या.

चाकण किंवा भोसरीत भाड्याने राहत असाल तर फरशी बदलणं तुमचं काम नाही. पण राहायला जाताना तडकलेल्या टाइल्स आणि छतावरच्या ओलीचे फोटो काढून घरमालकांना व्हॉट्सॲप करा. खोली सोडताना डिपॉझिटची चर्चा सोपी होते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुन्या टाइलवर नवीन टाइल लावता येते का?
खालची टाइल घट्ट असेल आणि गळती नसेल तर योग्य ॲडहेसिव्हने येते. पण फरशीची उंची वाढते, दार आणि उंबरा अडतो का ते बघा. गळती चालू असेल तर अजिबात नको, फक्त झाकली जाईल.

सांध्यांवर पांढरी पावडर का येते?
पाणी खालच्या सिमेंटमधून क्षार घेऊन वर येतं आणि वाळतं. पुसून परत येत असेल तर खाली पाणी साचतंय असं समजा.

बाथरूममधून वास का येतो?
नहाणी ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साचलेलं असतं, तेच ड्रेनेजचा वास अडवतं. सुट्टीत गावाला गेलात की ते सुकतं. आल्यावर दोन तांबे पाणी ओता. तरीही वास आला तर ट्रॅप किंवा त्याचा जोड तपासून घ्या.

ॲसिडने फरशी धुवावी का?
डाग जातो, पण सिमेंटचं ग्राउटही झिजतं आणि पाण्याला वाट मिळते. जड पाण्याचे डाग रोज वायपर मारला तर पडतच नाहीत. आणि ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

कोटेशन कसं मागायचं?
फोडकाम, राबिट उचलणं, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, पाण्याची चाचणी, टाइल बसवणं, स्कर्टिंग आणि ग्राउट, प्रत्येकाचा दर वेगळा लिहून मागा. सगळं मिळून एकच आकडा दिला तर वॉटरप्रूफिंगला किती धरलेत ते कळत नाही. आणि शेवटचा हप्ता पाण्याची चाचणी आणि उतार, दोन्ही बघितल्यावरच द्या.